चार साखळ्यांचा चर

"बोल ना आई, काहीपण बोल," भरत मोबाइल तिच्या तोंडासमोर धरून म्हणाला. "चालू झालंय."

साळुबाईंनी पदर सारखा केला. घसा खाकरायला गेल्या, पण आत टोचलं म्हणून थांबल्या. मग पंचांसमोर साक्षीला उभं केल्यासारख्या ताठ बसून म्हणाल्या, "मी साळुबाई भगवंत औटी. राहनार राजुरी, तालुका जुन्नर, जिल्हा पुनं."

"अगं, तलाठ्याला जबाब देतीयेस का?"

"मंग काय बोलू? तू म्हन, मी मागनं म्हनते. शाळंत म्हनायचो तसं."

भरतने मोबाइल खाली घेतला. चाकणच्या कंपनीत एका पाळीची सगळी माणसं त्याच्या आवाजावर हलत होती, पण इथं आईसमोर त्याचं काही चालेना. उद्या सकाळी गाडी काढायची होती. परवा पुण्याच्या दवाखान्यात साळुबाईंचं ऑपरेशन होतं. घशात गाठ होती आणि ती अशा जागी होती, की स्वरयंत्र काढल्याशिवाय निघणार नव्हती. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, "आजी, जीव राहील. आवाज राहणार नाही. पुढं एखादं यंत्र लावून थोडं बोलता येईल, पण तो आवाज तुमचा नसेल." जन्मात मशेरीला बोट न लावलेल्या बाईच्या वाट्याला हे यावं, याचा राग भरतला आला होता, आरतीला आला होता, शेजारच्या ठमाबाईला तर इतका आला होता, की तिनं दोन दिवस देवाला फूल वाहिलं नव्हतं. साळुबाईंना मात्र रागवायला सवड मिळाली नव्हती. त्यांना भेटायला येणाऱ्यांचा चहा सुचत होता.

"आई, नातीला, आपल्या श्रेयाला, आशीर्वाद देऊन ठेवा," स्वयंपाकघरातून हात पुसत आलेली सून आरती म्हणाली. "तिच्या लग्नात लावू आपण."

"आठवीत हाय ती! नवरा अजून चड्डीत फिरत आसंल, त्याला मी कसला आशीर्वाद देऊ?"

एवढं बोलूनच त्यांना दम लागला. भरतने गडबडीनं मोबाइल वर घेतला, पण तोवर बोलून झालं होतं. या घरात साळुबाईंचं खरं बोलणं नेहमी असंच, कुणी तयार नसताना व्हायचं.

तेवढ्यात ठमाबाई बिस्किटांचा पुडा घेऊन आली. गेले आठ दिवस गावातून इतके पुडे आले होते, की घरात एखादं किराणा दुकान निघालं असतं. ठमाबाईनं पुडा कट्ट्यावर ठेवला, मोबाइल बघितला आणि म्हणाली, "साळू, मला दोन शिव्या देऊन ठेव बाई. तुज्या शिव्या कानावर पडल्याबिगार माजा दिस उजाडत न्हाई."

"जा की गं भवाने," साळुबाई म्हणाल्या. "तुज्या कोंबड्यांनी माजी मेथी खाऊन खाऊन ह्यो घसा बसलाय. डॉक्टरला काय कळतंय."

या वेळी मोबाइल चालू होता. सगळे हसले, ठमाबाई हसता हसता रडायला लागली आणि पदरात तोंड खुपसून तशीच घरी गेली. भरतने ते रेकॉर्डिंग सगळ्यांना ऐकवलं. साळुबाईंनीही कान देऊन ऐकलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ह्यो कोनाचा आवाज?"

"तुझाच की आई."

"ह्यो माजा न्हाई. फाटक्या पोत्यासारखा ह्यो. माजा आवाज..." त्या थांबल्या. "माजा आवाज तुमी ऐकलाय. ऐकलाय ना?"

ऐकला होता. सगळ्या आळीनं ऐकला होता. साळुबाईंनी ओट्यावरून हाक मारली, की ओढ्यापलीकडं बैल मान वर करायचे, असं म्हणत. तो आवाज वर्षभरापूर्वी बसला, आधी सर्दी म्हणून, मग खोकला म्हणून, आणि नंतर कुणी कारण विचारेनासं झालं. तो कुठंच भरून ठेवलेला नव्हता. माणूस धान्य भरून ठेवतं, लोणचं भरून ठेवतं. घरातल्या बाईचा आवाज कोण कशाला भरून ठेवील?

पण त्यांना खरं लागलं होतं ते निराळंच. पोरानं मागितलं, सुनेनं मागितलं, ठमाबाईनं तर शिव्या मागून घेतल्या. ज्या माणसानं हा आवाज सगळ्यांत जास्त ऐकला होता, त्यानं काहीच मागितलं नव्हतं.

भगवंत सर पुढच्या खोलीत खाटेवर बसून तपासण्यांचे कागद तारखेप्रमाणं लावत होते. सकाळपासून लावत होते. लावून झाले की कागदांना लावलेला चिमटा काढायचे आणि पुन्हा पहिल्यापासून बघायचे. गणिताच्या माणसाला दुःख झालं, की तो अशी काहीतरी रांग लावत बसतो. अधूनमधून उठून भरतच्या गाडीच्या चाकात हवा आहे का बघून येत. बायकोकडं मात्र बघत नव्हते. बघितलं तरी घशाच्या खाली बघत.

साळुबाई दारातून त्यांच्याकडं बघत राहिल्या. या माणसासाठी आपण किती आकडे वाचले असतील, त्याला गणती नाही, असं त्यांच्या मनात आलं.

लग्न झालं तेव्हा सर ओतूरच्या कॉलेजात नुकतेच गणित शिकवायला लागले होते. बाजाराच्या गल्लीत धोंडाबाई नावाच्या म्हातारीची एक खोली त्यांनी भाड्यानं घेतली होती. साळुबाई आंबेगावकडच्या डोंगरातल्या, सातवी झालेल्या. नवरा कॉलेजात शिकवतो म्हटल्यावर माहेरी सगळ्यांना वाटलं, पोरगी आता खुर्चीवर बसून राहील. खुर्ची मिळाली ती खरी, पण समोर लॉगटेबलाचं पुस्तक घेऊन.

त्याचं असं झालं. सरांच्या वडिलांनी, आप्पांनी, राजुरीच्या रानात ओढ्याच्या कडेनं एक सरळ लांब चर खणला होता. जमिनीतून पाझरणारं पाणी चरात यायचं आणि चरातून विहिरीत जायचं. एका रविवारी आप्पांनी पोराला चराच्या कडेला उभं केलं.

"येवढा शिकलायस, तर सांग. ह्या चराला पानी कुठनं जास्त येतंय? मधनं का टोकाकडनं? म्हंजे तितंच खांदू. उगं समदं कशाला उकरायचं?"

सरांना उत्तर देता आलं नाही. एम.एस्सी.ला पहिला वर्ग मिळवलेला माणूस चराच्या कडेला मान खाली घालून उभा राहिला. पण प्रश्न त्यांच्या डोक्यात बसला, आणि पुण्याला एम.फिल.चं नाव घातलं तेव्हा मार्गदर्शकांपुढं त्यांनी तोच मांडला. मार्गदर्शक खूश झाले. म्हणाले, "याला मोठं नाव आहे, बरं का. लॉगॅरिदमचा गाभा असलेलं इंटिग्रल इक्वेशन."

ते नाव सरांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा साळुबाई भाकरी थापत होत्या.

"म्हंजे काय?"

"म्हणजे बघ. चराच्या प्रत्येक जागी किती पाणी येतं ते आपल्याला माहीत नाही. पण एका जागेनं पाणी ओढलं, की शेजारच्या जागेचं कमी होतं. लांबच्या जागेचंही होतं, पण जरा कमी. किती कमी, ते अंतराच्या लॉगवर ठरतं. आणि हा लॉग मोठा चिवट असतो. अंतर दुप्पट झालं तरी ओढ थोडीशीच ढिली होते. म्हणजे सगळ्यांचा सगळ्यांवर परिणाम, आणि तो सगळा एकत्र करून पातळी मात्र चरभर सारखी."

साळुबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. "भावकीसारखं हाय म्हना की. येकानं वढलं की समद्यांचं पानी खाली."

सर मोठ्यानं हसले. पुढच्या खेपेला त्यांनी हे पुण्याला जाऊन सांगितलं, आणि आल्यावर मार्गदर्शकही हसल्याचं तिला सांगितलं. त्या दिवसापासून ते समीकरण घरात भावकी याच नावानं चाललं.

ते सोडवायचं म्हणजे चराचे लहान लहान तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचं दुसऱ्या प्रत्येक तुकड्यापासूनचं अंतर काढायचं आणि त्या प्रत्येक अंतराचा लॉग मांडायचा. सरांचे डोळे आधीच अधू. पुस्तकात बघून वहीत लिहायला गेले, की पुस्तकातली ओळ हरवायची आणि पुस्तकात शोधायला गेले, की वहीतली. म्हणून संध्याकाळी चहा झाला, की साळुबाई पुस्तक धरायच्या आणि वाचायच्या. सर अंतर सांगायचे, त्या बोलायच्या: "शून्य पॉइंट तीन शून्य एक शून्य." एकाहून कमी अंतर असलं, की, "बार एक पॉइंट सहा नऊ नऊ शून्य." पहिले चार दिवस अडखळल्या. मग त्यांचा सूर लागला. ओढ्यापलीकडं जाणारा तो आवाज खोलीत मावेल एवढा बारीक करून त्या वाचायच्या, आणि चारही आकडे सारख्या वजनानं टाकायच्या.

चातुर्मास चालू होता. धोंडाबाईला वाटलं, सरांनी पोथी लावली. ती रोज संध्याकाळी उंबऱ्यात येऊन बसायची, हात जोडायची आणि वाचन संपेपर्यंत हलायची नाही. उठताना पुस्तकापुढं दोन फुलं ठेवायची. आठवडाभरानं तिनं विचारलं, "साळू, समाप्ती कदी हाय? म्हंजे मी आपलं गोडाचं करीन म्हनते."

साळुबाईंनी तिला खरं काय ते सांगितलं. धोंडाबाईनं क्षणभर विचार केला. "आकडे तर आकडे," ती म्हणाली. "तू वाचतीस, मी आयकते. घरात कायतरी चांगलं चाललंय येवढं कळतंय मला." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हात जोडून उंबऱ्यात हजर झाली.

आप्पांनी चर मोजला होता साखळीनं. ही माणसं गुंठ्याच्या हिशेबात वाढलेली. तेहतीस फुटांची साखळी हेच त्यांचं माप. चर भरला बरोबर चार साखळ्या. सरांनाही बरं वाटलं. चार हा कसा सुटसुटीत आकडा, निम्मा करा, पाव करा, कुठं अडत नाही. एक साखळी म्हणजे एक, असं धरून त्यांनी गणित मांडलं आणि इथंच माशी शिंकली.

सगळे लॉग वाचून झाले, बेरजा-वजाबाक्या झाल्या, आणि उत्तरं आली ती भलतीच. पाणी हजारांत यायला लागलं. एका जागी हजारांत आत, तर शेजारी हजारांत बाहेर. ओढ्याकाठच्या वितभर चरातून सगळं धरण वाहतंय की काय असा आकडा. सरांनी पुन्हा तपासलं. साळुबाईंनी पुन्हा वाचलं. एखादा शेवटचा आकडा इकडचा तिकडं झाला, की सगळी उत्तरं उड्या मारायची. दिवाळी जवळ आली तसा सरांचा धीर सुटला.

"तू कुठंतरी चुकीचं वाचतेस," ते म्हणाले.

साळुबाईंनी पुस्तक मिटलं. "मंग वाचा तुमचं तुमी," एवढंच म्हणाल्या आणि चुलीपाशी गेल्या. त्यानंतर घरात भांड्यांचाच आवाज ऐकू यायला लागला. सर जेवायला बसले, की ताट यायचं. "वाढू का" हे यायचं नाही. संध्याकाळी धोंडाबाई उंबऱ्यात येऊन बसायची, दोघांच्या तोंडाकडं बघायची आणि उठून जायची. आवाज बंद झाला तर घर कसं लागतं, ते सरांना त्या दिवसांत कळलं. पण दोघंही हट्टी, तेव्हा माघार घेणार कोण?

मग सर पुण्याला गेले. संध्याकाळी एसटीनं परत आले ते वहाणाही न काढता दारात उभे राहिले. धोंडाबाई तिथंच शेंगा फोडत बसली होती, पण त्यांनी तिची भीड धरली नाही.

"तुझी चूक नव्हती," ते म्हणाले. "चाराची होती."

मार्गदर्शकांनी वही बघितली होती आणि कपाळाला हात लावला होता. हे समीकरण कुठल्याही लांबीला सरळ सुटतं. फक्त चराची लांबी नेमकी चार धरली, की त्याचं डोकं फिरतं. चर तोच, पाणी तेच. फुटांनी मोजा, मीटरनं मोजा, हातानं मोजा, काही बिघडत नाही. पण औटींचा चर साखळीनं मोजलेला, आणि भरला नेमका चार! एवढी पोरं हाताखालून गेली, पण हा खड्डा मुद्दाम शोधून त्यात पडणारा तूच पहिला, असं ते म्हणाले होते.

साळुबाईंनी ऐकून घेतलं. तोंडावर हसू येऊ दिलं नाही. "पाय धुवा," त्या म्हणाल्या. "च्या टाकते. मंग फुटानं वाचू."

फुटांनी सगळं पुन्हा वाचून काढलं, आणि उत्तर आलं. पाणी टोकांना जास्त आणि मधे सगळ्यांत कमी. सरांनी आप्पांना सांगितलं, मधे खणू नका, दोन्ही टोकं वाढवा. आप्पांनी वाढवली, विहिरीला पाणी चढलं, आणि आप्पा ओझरच्या गणपतीला अकरा नारळांचं तोरण बांधून आले. "त्यानं दिलं," असं गावभर सांगत सुटले. सरांचं नाव एकदाही काढलं नाही. साळुबाई त्यावरून सरांना कितीतरी दिवस चिडवत असत.

एम.फिल. झालं. पुढं पीएच.डी.चं राहिलं ते राहिलंच. भरत झाला, आप्पा गेले, कॉलेजात तासिका वाढल्या. पण वाचन थांबलं नाही. सर अधूनमधून नवा चर घ्यायचे, कधी वाकडा, कधी दोन तुकड्यांचा, आणि संध्याकाळी म्हणायचे, "वाचतेस का जरा?" भरत दुसरीत होता त्या वर्षी साळुबाईंना कपाटात शर्टांच्या घडीखाली एक क्यालक्युलेटर सापडला. त्यांनी सहज एक बटण दाबलं, दुसरं दाबलं आणि पडद्यावर तीन शून्य एक शून्य उमटलं. मग त्यांनी तो होता तसा घडीखाली ठेवून दिला, आणि त्या संध्याकाळी नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ वाचलं.

आणि आता हा माणूस कागद लावत बसला होता.

साळुबाई आत गेल्या. "तुमाला काय नगं का?"

सरांनी मान वर केली. "काय?"

"समद्यांनी कायबाय मागून घेतलं माज्याकडनं. मोबाइलात भरून. तुमीच तेवढं..." आवाज चिरकला, तशा त्या गप्प झाल्या.

"मला रेकॉर्डिंग नको," सर म्हणाले. चिमट्याशी चाळा करत राहिले. "मला नाही ऐकवणार ते."

साळुबाई वळल्या आणि बाहेर आल्या. आतापर्यंत न रडलेली ती बाई ओट्याच्या पायरीवर बसून रडली. आवाज येऊ न देता रडली. म्हणजे तीही सवय आताच करून घ्यावी तशी. घरातलं कुणी बघत नव्हतं. समोरच्या टोमॅटोच्या वावरात ठिबकच्या नळ्या गोळा करणारी माणसं होती, तेवढीच.

ऊन उतरलं तेव्हा आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. "बाबा, मला सांगायचं ना, मी काढून दिलं असतं," असं भरत म्हणत होता. थोड्या वेळानं सर बाहेर आले. सदऱ्यावर माळ्यावरची जळमटं होती, हातात लॉगटेबलाचं पुस्तक होतं आणि पाठकोरे कागद होते. ते पायरीवर बायकोशेजारी बसले. पासष्टी ओलांडलेल्या माणसाला पायरीवर बसायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला.

"वाचतेस का जरा?"

साळुबाईंनी डोळे पुसले. "आता? कसलं गनित?"

"चाराचं. ते राहिलंय आपलं."

"आवो, ती तर चूक व्हती ना?"

"आपण चूक म्हणून टाकून दिलं. तेव्हा मार्गदर्शकांनी एक गोष्ट सांगितली होती. मी ऐकली आणि विसरून गेलो. तुझी चूक निघाली नाही एवढ्यावरच खूश होतो मी. हे चार दिवस तेच डोक्यात घोळतंय." सरांनी पेन्सिलीनं कागदावर एक रेघ ओढली. "कुठल्याही लांबीचा चर घे. पातळी जागची हलली नाही, म्हणजे तिथं शून्य मांडलं, तर पाणीही शून्य निघतं. बाहेर काही नाही, तर आतही काही नाही. सरळ आहे. पण चाराला तसं होत नाही. बाहेर शून्य असतं आणि आत पाणी येतच असतं. सगळ्या चरभर. बाहेरून कितीही मोजलं तरी दिसत नाही, पण असतं."

साळुबाई रेघेकडं बघत राहिल्या. हे गणित त्यांना कधीच पुरतं कळलं नव्हतं, आणि आताही कळलं असं नाही. पण सांगणारा कळला.

"म्हंजे भाइरच्याला वाटतंय, समदं मुकं हाय," त्या हळू म्हणाल्या. "परवापास्नं माजं व्हनार तसं."

सरांनी मान हलवली. त्यांनी नाक ओढलं, चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा घातला. मग म्हणाले, "मला भीती वाटते गं. त्या घरात, ओतूरला, तू बोलली नव्हतीस ना, तेव्हापासून वाटते."

चाळीस वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदाच सांगितलं. साळुबाईंनी त्यांच्या सदऱ्यावरची जळमटं काढली आणि पायरीच्या कडेला पुसली.

"क्यालकुलेटर हाय की तुमचा," त्या म्हणाल्या. "शर्टांखाली."

सर दचकले. "तुला माहीत होतं?"

"भरत दुसरीत व्हता तवापास्नं."

"मग वाचत का राहिलीस?"

"तुमी का सांगत राहिला?"

यावर दोघंही हसले. साळुबाईंना हसता हसता ठसका लागला, तशी आरती पाणी घेऊन धावत आली. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं, पान काढलं आणि म्हणाल्या, "सांगा अंतर."

सर अंतर सांगत होते, त्या वाचत होत्या. आवाज फाटका होता, मधेच हवा व्हायचा, पण आकडे तसेच पडत होते, चारही सारख्या वजनाचे. शून्य पॉइंट एक सात सहा एक. शून्य पॉइंट तीन शून्य एक शून्य. शून्य पॉइंट तीन नऊ सात नऊ. सर लिहीत होते. वावरातली माणसं नळ्या गुंडाळून निघून गेली. ठमाबाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली आणि तिथंच टेकली.

भरत पाठीमागून आला. त्यानं मोबाइल वर धरला होता. सरांनी मागं न बघताच हात वर केला.

"राहू दे," ते म्हणाले. "मी लिहितोय."

भरतने मोबाइल खिशात टाकला आणि चौकटीला टेकून उभा राहिला.

दिवेलागणीच्या सुमाराला साळुबाईंचा आवाज गेला. एकविसाची ओळ होती. तोंड उघडलं, ओठ हलले, पण बाहेर नुसता वारा आला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. सरांनी पेन्सिल खाली ठेवली. "पुरे," ते म्हणाले. "राहू दे आता."

साळुबाईंनी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी पुस्तक सरांच्या गुडघ्यावर सरकवलं आणि ओळीच्या पहिल्या आकड्याखाली आपलं बोट टेकवलं. सरांना काय करायचं ते कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी पुस्तकावर वाकून चष्मा वर-खाली केला आणि वाचायला सुरुवात केली.

"शून्य पॉइंट तीन दोन दोन दोन."

बोट पुढं सरकलं.

"शून्य पॉइंट तीन दोन चार तीन."

बोट पुढं सरकलं. सरांच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं, बारीक छपाई सगळी एकात एक मिसळत होती.

"शून्य पॉइंट तीन दोन सहा आठ."

बोट जागचं हललं नाही.

सरांनी चष्मा काढला, बाहीनं डोळे पुसले, चष्मा घातला आणि पुस्तक नाकाशी नेलं.

"तीन," ते म्हणाले. "तीन दोन सहा तीन."

तेव्हा बोट पुढं सरकलं.